नागपूरचे तिघं, अडीच दिवस आणि पहिलंच कोलकाता: एका प्लॅनची पूर्ण गोष्ट

माझी मावशी, काका आणि मावसबहीण यांना कोलकात्याला जायचं होतं. तिघांपैकी कोणीच आधी गेलेलं नाही, आणि हातात शुक्रवार सकाळ ते रविवार संध्याकाळ एवढाच वेळ. मी नोकरीसाठी त्या शहरात काही वर्षं राहिलेय म्हणून प्लॅन करायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. हे प्रकरण पूर्ण लिहून काढतेय कारण ‘दोन-तीन दिवसांत कोलकाता कसं करू’ हा प्रश्न मला सारखा येतो आणि त्याचं उत्तर ठिकाणांची यादी देऊन होत नाही, कोणतं ठिकाण किती वाजता आणि कोणत्या वारी बघायचं इथेच सगळा खेळ आहे.

आधी माणसं कोण ते सांगते, कारण प्लॅन माणसांवर ठरतो. मावशी पासष्टीची, गुडघे दुखतात, सपाट रस्त्यावर आरामात तासभर चालेल पण जिने आले की बसते. पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. काका वीज खात्यातून रिटायर झालेले इंजिनियर, त्यांना हावडा ब्रिज आणि पाण्याखालची मेट्रो बघायचीच होती, बाकी कुठेही न्या म्हणाले. बहीण इतिहासात एमए करतेय, तिला कॉलेज स्ट्रीट, म्युझियम आणि जुनं उत्तर कोलकाता. मावशीला कालीघाट, दक्षिणेश्वर, बेलूर मठ, आणि जमलं तर गंगासागर.

यादी व्हॉट्सॅपवर आली तेव्हा तिच्यात सुंदरबन होतं, शांतिनिकेतन होतं, मायापूर होतं, गंगासागर तर होतंच, आणि त्याशिवाय शहरातली सगळी ठिकाणं. म्हणजे कोणीतरी आठवडाभर फिरून आल्यावर लिहिलेली यादी अडीच दिवसांत बसवायची होती. शहराबाहेरची नावं मी पहिल्याच फोनला काढली. शांतिनिकेतन म्हणजे बोलपूरपर्यंत दीडशे किलोमीटरच्या वर, जाऊन-येऊन पूर्ण दिवस. मायापूरही तसंच. सुंदरबनला किमान एक रात्र राहिल्याशिवाय अर्थ नाही, नाहीतर सगळा दिवस गाडीत आणि बोटीत जातो आणि खाडीत प्रत्यक्ष फिरायला काहीच वेळ उरत नाही.

गंगासागरवर मात्र जरा वेळ गेला. ‘सारे तीरथ बार बार, गंगासागर एक बार’ हे मावशीच्या डोक्यात लहानपणापासून आहे आणि इतक्या जवळ जाऊन ते सोडायचं हे तिला पटेना. मी तिला रस्ता समजावून सांगितला: कोलकात्याहून काकद्वीपच्या बाजूला लॉट नंबर आठच्या जेट्टीपर्यंत गाडीने, मग मुडीगंगा नदी लाँचने ओलांडायची, ती लाँच भरती-ओहोटी बघून चालते म्हणजे ओहोटीत थांबून राहावं लागू शकतं, आणि पलीकडे पोचल्यावर बेटावर पुन्हा तीसेक किलोमीटर. पहाटे निघालं तर रात्री परत, आणि हे सगळं दुखऱ्या गुडघ्यांनी. ती जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, ‘मग गंगा तर दिसेल ना गं नीट?’ गंगा नीट दिसेल हे मी कबूल केलं, आणि पुढचा सगळा प्लॅन करताना हे एक वाक्य मी समोर ठेवलं.

काका मात्र वैतागले. ‘तू प्लॅन बनवून राहिली की यादी खोडून राहिली?’ पण खोडणं हा प्लॅनचाच भाग आहे, आणि तो घरी बसून केला तर तिथे रस्त्यावर उभं राहून भांडायची वेळ येत नाही.

तारीख ठरवताना काय झालं

त्यांचं मूळ डोक्यात होतं संक्रांतीला जोडून जायचं, कारण बहिणीला सुट्टी. मी नाही म्हटलं. मकर संक्रांतीला गंगासागरचा मेळा असतो, देशभरातून येणारे यात्रेकरू हावडा आणि सियालदहला उतरतात, शहरात नदीकाठी बाबूघाटला त्यांची मोठी छावणी पडते, साधूंचे तंबू, अन्नछत्र, बसेस. बघायला ते विलक्षण असतं आणि मी स्वतः तिथे संध्याकाळी नुसती फिरायला जायचे, पण पहिल्यांदा येणाऱ्या आणि गर्दीत उभं राहू न शकणाऱ्या माणसाने त्या आठवड्यात येऊ नये. शिवाय 12 जानेवारी विवेकानंद जयंती, 23 जानेवारी नेताजी जयंती, 26 जानेवारी, असं सगळं महिनाभर चालू. फेब्रुवारीचा पहिला आठवडा म्हणजे थंडी गोड, घाम नाही, आणि नोलेन गूड, म्हणजे खजुराच्या रसाचा नवा गूळ, अजून मिळत असतो. हा मुद्दा किरकोळ वाटेल, पण ज्यांनी नोलेन गुडाचा संदेश, म्हणजे छेन्याची मिठाई, खाल्लाय त्यांना तो तारखेत धरावासा वाटेलच.

वार ठरवणं त्याहून महत्त्वाचं होतं. व्हिक्टोरिया मेमोरियलच्या गॅलऱ्या, इंडियन म्युझियम, टागोरांचं जोडासांकोचं घर, हे तिन्ही सोमवारी बंद. कॉलेज स्ट्रीटची बहुतेक पुस्तकांची दुकानं रविवारी बंद. मेट्रो रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला सुरू होते, म्हणजे रविवारी पहाटे मेट्रोने देवळात जाऊ हा बेत बाद. काली म्हटलं की मंगळवार-शनिवार गर्दी, दक्षिणेश्वरला रविवारीही तोबा गर्दी. हे सगळं एका कागदावर मांडलं की प्लॅन अर्धा आपोआपच होतो: कॉलेज स्ट्रीट शनिवारीच, म्युझियम आणि व्हिक्टोरिया रविवारी चालतील, दक्षिणेश्वर शुक्रवारीच. सोमवार परतीच्या प्रवासात गेला तरी नुकसान नाही.

सूर्याचा हिशोब

ही गोष्ट महाराष्ट्रातून जाणाऱ्या जवळजवळ कोणीच धरत नाही. कोलकाता आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र देशभर एकच. त्यामुळे तिथे सूर्य नागपूरपेक्षा साधारण पस्तीस-चाळीस मिनिटं आधी मावळतो, मुंबईपेक्षा तर तासभर आधी. डिसेंबरात पाचच्या आसपास सूर्यास्त, फेब्रुवारीच्या सुरुवातीलाही साडेपाचच्या आतच. आपल्याकडची ‘चारला चहा घेऊन निघू आणि फिरून येऊ’ ही सवय तिथे घेऊन गेलं की घाटावर पोचेपर्यंत अंधार, फोटो नाहीत, नदी दिसत नाही, आणि मग लोक म्हणतात की काही खास नव्हतं. उलट सकाळी साडेसहाला लख्ख उजेड असतो आणि शहराचा सगळ्यात सुंदर भाग तेव्हाच चालू असतो. म्हणून मी त्यांना सांगितलं की रोज नागपूरपेक्षा एक तास आधी उठायचं, दुपारी जेवून हॉटेलात दीड तास आडवं व्हायचं, आणि संध्याकाळच्या ठिकाणी साडेचारपर्यंत हजर व्हायचं. मावशीच्या गुडघ्यांसाठी दुपारची विश्रांती तशीही लागणारच होती.

गाडी आणि हॉटेल

नागपूरहून हावड्याला मुंबईकडून येणाऱ्या गाड्या भरपूर. खरा प्रश्न दोन गाड्यांमधला होता. गीतांजली संध्याकाळी नागपूर सोडून दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याला पोचवते, तर मुंबई-हावडा मेल दुपारच्या आधी निघून पहाटे. दुपारी पोचलं की पहिला दिवस चेक-इन आणि जेवणातच संपतो, सूर्य तर लवकर मावळणार, म्हणजे अडीच दिवसांचे दोन होतात. म्हणून मेल. पण लांबच्या गाडीला उशीर होऊ शकतो हे धरून शुक्रवारची सकाळ मी पूर्ण मोकळी ठेवली, तिथे एकही ‘चुकवायचं नाही’ असं ठिकाण टाकलं नाही. हॉटेलला आधीच फोन करून विचारून ठेवलं की सकाळी खोली नसेल तरी सामान ठेवायला आणि हातपाय धुवायला जागा देणार का. हे विचारायला पैसे पडत नाहीत आणि पहिल्या दिवसाचा मूड त्याच्यावर ठरतो.

हॉटेल कुठे घ्यायचं यावर बहिणीने न्यू टाऊनमधलं एक चकचकीत आणि स्वस्त हॉटेल काढलं होतं. पण न्यू टाऊनहून जुन्या शहरात रोज ये-जा म्हणजे दिवसाचे दोन तास टॅक्सीत. मी एस्प्लानेड ते पार्क स्ट्रीट या पट्ट्यातच घ्या म्हणून हट्ट धरला. कारण सरळ आहे, एस्प्लानेडला मेट्रोच्या दोन लाईन भेटतात: उत्तर-दक्षिण जाणारी जुनी लाईन, जिचा पहिला तुकडा 1984 मध्ये सुरू झाला ती देशातली पहिली मेट्रो, आणि हावड्याकडे नदीखालून जाणारी नवी. दक्षिणेश्वर, मूर्तिकारांच्या कुमारटुलीसाठी शोभाबाजार, कॉलेज स्ट्रीटसाठी महात्मा गांधी रोड, कालीघाट, सगळं जुन्या लाईनवर ओळीने आहे. म्युझियम पार्क स्ट्रीट स्टेशनपासून पायी, व्हिक्टोरिया मैदानाच्या टोकाला. खोली जुनी असेल, लिफ्ट आहे का एवढं फक्त बघा म्हटलं.

एक पर्याय आणखी होता, दिवसाची ‘कोलकाता दर्शन’ बस. तो विचार लगेच सोडला, कारण प्रत्येक ठिकाणी पंचवीस मिनिटं आणि चढ-उतार जास्त, मावशीला तेच झेपलं नसतं.

शुक्रवार: दक्षिणेश्वर, लाँच, बेलूर

दक्षिणेश्वर आणि बेलूर नदीच्या समोरासमोरच्या काठांवर आहेत, त्यामुळे लोक ते एकत्र करतात, ते बरोबरच आहे. पण दोन्ही दुपारी बंद असतात, दक्षिणेश्वर साधारण साडेबारा ते तीन, बेलूर मठ तर सकाळी साडेअकरालाच बंद होतो तो साडेतीन-चारला उघडतो. अकरा वाजता हॉटेलातून निघणारे लोक बरोब्बर दोन्हीकडे बंद दारावर पोचतात, आणि असे लोक मी स्वतः त्या घाटावर बसलेले कितीतरी वेळा पाहिलेत. म्हणून क्रम असा ठेवला: जेवण, विश्रांती, मेट्रोने दक्षिणेश्वर, तीनला देऊळ उघडताना रांगेत, मग लाँचने बेलूर, सूर्यास्ताला घाटावर आणि त्यानंतर आरती.

दक्षिणेश्वरला मेट्रो 2021 पासून जाते आणि स्टेशनहून स्कायवॉक थेट देवळाच्या दाराशी नेतो, सरकते जिने आहेत, मावशीला जिने चढावेच लागले नाहीत. राणी रासमणीने 1855 मध्ये बांधलेलं नऊ शिखरांचं देऊळ, नदीच्या बाजूला एका ओळीत बारा शिवमंदिरं, आणि कोपऱ्यात रामकृष्ण परमहंसांची खोली. शुक्रवार असल्यामुळे रांग पुढे सरकत राहिली.

खरी काळजी मला लाँचची होती. तिथे हुगळीला, म्हणजे तिथल्या गंगेला, समुद्राची भरती-ओहोटी लागते, जेट्टी तरंगती असते आणि काठाहून तिच्यावर जायला लोखंडी उतार. भरतीला तो उतार जवळजवळ सपाट असतो, ओहोटीला मात्र चांगलाच खडा होतो आणि पाण्याने निसरडाही. मी काकांना सांगून ठेवलं होतं की उतार खडा दिसला तर लाँचचा नाद सोडून बाली ब्रिजवरून टॅक्सी करा, वीस मिनिटांत पलीकडे. पाणी त्या दिवशी बऱ्यापैकी वर होतं, मावशी काकांचा हात धरून हळूहळू उतरली आणि लाँचच्या कठड्याशी असलेल्या बाकावर बसली. बारा शिवमंदिरांची ओळ पाठीमागे लहान होत गेली, पुढे बेलूरचा घाट. तिने तिथून मला फोन केला आणि नुसतं ‘दिसली गं नीट’ एवढं म्हणाली, आणि गंगासागर पुन्हा एकदाही निघालं नाही.

बेलूर मठाचं मुख्य मंदिर 1938 चं, देऊळ, चर्च आणि मशीद तिन्हींची ठेवण त्यात एकत्र दिसते, आणि आवारात फोटो काढायला मनाई आहे, ते मला फार आवडतं. संध्याकाळची आरती सूर्यास्तानंतर, ‘खंडन भव बंधन’ हे विवेकानंदांनी रचलेलं स्तोत्र सगळे मिळून म्हणतात. आत जमिनीवर बसावं लागतं, गुडघे दुखत असतील त्यांनी भिंतीकडेची जागा लवकर धरावी.

परतीला पुन्हा लाँच नाही. बेलूरहून टॅक्सीने हावडा स्टेशन आणि तिथून मेट्रो, काकांसाठी मुद्दाम. हावडा मेट्रो स्टेशन जमिनीखाली तीसेक मीटर, सरकत्या जिन्यांवर जिने. हावडा आणि महाकरण या दोन स्टेशनांच्या मध्ये नदी लागते, बोगद्यात निळे दिवे लावलेत म्हणून कळतं की आता वर पाणी आहे, आणि पाऊण मिनिटात संपतं. मार्च 2024 मध्ये हा मार्ग सुरू झाला तेव्हा देशात नदीखालून जाणारी ही पहिली मेट्रो होती. काकांचं तेवढ्यात समाधान झालं नाही, ते महाकरणला उतरून उलटी गाडी पकडून परत हावड्याला गेले आणि पुन्हा आले, मायलेकी एस्प्लानेडला बाकावर बसून राहिल्या. दहा-वीस रुपयांच्या तिकिटात माणूस इतका खूश होत असेल तर प्लॅनमध्ये अशा पाऊण मिनिटाला जागा द्यायलाच हवी.

शनिवार: दोन गट, मग एक

शनिवारी सकाळी मी तिघांना मुद्दाम वेगळं केलं. काका आणि बहीण पहाटे टॅक्सीने मल्लिक घाटाच्या फुलबाजारात, मावशी हॉटेलात झोपून. हावडा ब्रिजच्या कोलकात्याकडच्या टोकाला पुलाच्या पायाशीच हा बाजार आहे, पायाखाली चिखल आणि देठांचा खच, डोक्यावर झेंडूच्या माळांचे गठ्ठे घेतलेले हमाल मागून धावत येतात आणि बाजूला व्हावंच लागतं. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला तिथे नेणं बरोबर नाही, आणि नेता येत नाही म्हणून बाकीच्यांनीही जायचं नाही हेही बरोबर नाही. पूल 1943 मध्ये वाहतुकीला खुला झाला, नट-बोल्ट नाहीत, सगळा रिव्हेटवर, आणि त्यात सव्वीस हजार टनांच्या वर पोलाद आहे, त्यातलं बहुतेक टाटांचं. काका पुलाच्या फुटपाथवर अर्ध्यापर्यंत चालत गेले आणि रिव्हेट बघत उभे राहिले. बहिणीने खाली माळा मोजून देणाऱ्या माणसाचे फोटो काढले, तो वीस-वीसच्या जुड्या इतक्या पटापट बांधत होता की फोटोत बोटं पुसटच आली.

नऊच्या सुमाराला तिघंही शोभाबाजारला भेटले. आधी नाश्ता, कारण उत्तर कोलकात्यातल्या छोट्या दुकानांत हिंगाची कचोरी, बटाट्याची रस्सा भाजी आणि जिलबी सकाळीच मिळते, दुपारनंतर त्याच कढईत भजी पडतात.

मग कुमारटुली. दुर्गापूजा लांब होती म्हणून गल्ल्या मोकळ्या होत्या, आणि काम बघायचं तर मी अशाच वेळी जा म्हणेन. बांबूच्या सांगाड्यावर पेंढ्याची आकृती सुतळीने आवळून बांधलेली, त्याच्यावर चिकणमातीचा पहिला थर, तो वाळला की भेगा पडतात, मग बारीक मातीच्या पातळ राड्यात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या सांध्यांवर आणि बोटांवर चिकटवून त्या बुजवायच्या. एक म्हातारे कारागीर मूर्तीच्या एकेका बोटाला अशी पट्टी लावत होते, मावशी बाहेरच्या ओट्यावर बसली आणि तिथून उठेचना. प्लॅनमध्ये चाळीस मिनिटं होती, तिने दीड तास घेतला, आणि मी आधीच सांगून ठेवलं होतं की कुठे मन रमलं तर पुढचं ठिकाण सोडा. त्यामुळे जोडासांको गेलं. बहिणीला ते लागलं थोडं, पण निर्णय तिनेच घेतला.

तिथून बागबाजार चालत जवळ आहे. हे ठिकाण कुठल्याच टूरमध्ये नसतं, ते मी नागपूरच्या माणसांसाठी म्हणून टाकलं होतं. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची एक साधी गल्ली आहे. 1742 मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालवर आले, तेव्हा कोलकात्यातल्या लोकांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला. तीनेक मैल खणला, पुढे काम थांबलं, मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत. नंतर तो खंदक बुजवून त्याच्या बऱ्याच भागावर सर्क्युलर रोड झाला. पण गावोगावी जी लूट आणि जाळपोळ झाली ती बंगालने विसरली नाही, बाळाला झोपवताना म्हणायच्या ओवीत आजही ‘बर्गी आले देशात’ असं येतं, बर्गी म्हणजे मराठे घोडेस्वार. आपल्याकडे शाळेत हा भाग अटक-कटकच्या अभिमानात संपतो. माझ्या बहिणीने गल्लीच्या पाटीखाली उभं राहून एका दुकानदार काकूंना सांगितलं की आम्ही नागपूरचे, तर त्या हसल्या आणि चहा घेऊन जा म्हणाल्या. पहिल्या भेटीत शहराचा आपल्याशी असलेला असा एखादा धागा शोधून ठेवावा असं मला मनापासून वाटतं, त्याला तिकीट नसतं आणि वेळही फार लागत नाही.

दुपारी कॉलेज स्ट्रीट. 1817 च्या हिंदू कॉलेजातून झालेलं प्रेसिडेन्सी, 1857 चं विद्यापीठ, म्हणजे आपल्या मुंबई विद्यापीठाच्याच वर्षाचं, आणि मध्ये फुटपाथभर पुस्तकं. बहिणीला तिथे एकटी सोडून काका-मावशी हॉटेलात परतले, हेही ठरलेलंच होतं. कॉफी हाऊस वरच्या मजल्यावर आहे, जिना आहे, मावशीला नकोच होतं.

संध्याकाळी प्रिन्सेप घाट, साडेचारला. ब्राह्मी लिपी वाचणाऱ्या जेम्स प्रिन्सेपच्या आठवणीतला पांढरा मंडप, मागे विद्यासागर सेतू. नावेत बसायचं असेल तर भाव आणि वेळ दोन्ही आधी ठरवून घ्या, आणि सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी बसा.

रविवार आणि खाण्याचं

कालीघाटला रविवारी भल्या सकाळी टॅक्सीने, मेट्रो तेव्हा नसते. शनिवार टाळला तरी गर्दी असतेच, फक्त सातच्या आत गेलं की धक्काबुक्की कमी. दर्शन करवून देतो म्हणणारे लोक वाटेत भेटतात, त्यांची मदत घ्यायची असेल तर आकडा आधी बोलून घ्या, नको असेल तर सरळ चालत राहा. तिथून व्हिक्टोरियाची बाग, ती सकाळपासून उघडी असते, आणि दहाला गॅलरी उघडताच आत. 1921 मध्ये खुली झालेली ही इमारत ताजमहालासारखीच मकराण्याच्या संगमरवराची, आणि तिचा आर्किटेक्ट विल्यम इमर्सन म्हणजे ज्याने आपलं मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट केलं तोच. दुपारी इंडियन म्युझियम, 1814 चं. सगळं बघायचं नाही, भारहुतच्या प्राचीन बौद्ध स्तूपाचा दगडी कठडा, ममी आणि जिवाश्मं एवढं ठरवून जायचं, दोन तास पुरतात.

मावशीच्या खाण्याची सगळ्यांना भीती होती, मला नव्हती. बंगालात मासे आहेत हे खरं, पण विधवांच्या आणि देवळांच्या स्वयंपाकातून आलेलं निरामिष जेवण इतकं समृद्ध आहे की शाकाहारी माणसाने मुद्दाम जावं: लुची (मैद्याची पुरी) आणि छोलार डाळ (हरभऱ्याची), आलू पोस्तो (खसखशीतले बटाटे), धोकार डालना (डाळीच्या वड्यांचा रस्सा), केळफुलाची भाजी. फक्त दोन गोष्टी सांगाव्या लागतात. भाजीत किंवा डाळीत माशाचं डोकं घालायची पद्धत आहे, म्हणून ‘निरामिष’ हा शब्द वापरूनच विचारायचं, नुसतं ‘भाजी आहे ना’ विचारून भागत नाही. आणि मोहरीच्या तेलाचा वास पहिल्या घासाला नाकात जातो, दुसऱ्या दिवसापर्यंत सवय होते. अगदीच नको वाटलं तर बडाबाजारकडे मारवाडी भोजनालयं आहेत, पण तशी वेळ आली नाही.

रविवारी संध्याकाळी परतीच्या मेलसाठी हॉटेल गाडीच्या दोन तास आधी सोडायला लावलं. एस्प्लानेडहून मेट्रोने हावडा दहा मिनिटांचा रस्ता, पण तीन माणसं, बहिणीची पुस्तकं आणि मिठाईची खोकी घेऊन सरकते जिने नकोत म्हणून टॅक्सी, आणि पुलावर संध्याकाळची कोंडी असते. मिठाई घेताना रसगुल्ला डबाबंद घ्या, मऊ ओला संदेश प्रवासात आंबतो, घरी न्यायचा तर ‘कडापाक’ म्हणून मागा, तो घट्ट आटवलेला असतो आणि दोन-तीन दिवस टिकतो. नोलेन गुडाचा कडापाक संदेश मिळाला तर जास्तच घ्या. मावशीने नातेवाइकांसाठी चार खोकी घेतली होती, नागपूरला उतरताना तीन होती.